सिस्टर कशा वाटल्या?

वीस वर्षं नर्सिंग केलं की गुडघे दुखतात आणि किस्से साचतात. गुडघ्यांवर गोळी तरी आहे! त्यात आमच्या खारघरच्या हॉस्पिटलात आता डिस्चार्जच्या वेळी पेशंटकडून फॉर्म भरून घेतात: 'सिस्टर कशा वाटल्या?' ऑफिसवाले तो वाचत नाहीत, जसाच्या तसा कॉम्प्युटरवर उतरवतात.

आमची दर्शना नवी, प्रोबेशनवर. मेट्रनबाईंनी तिला बजावलं, "या महिन्यात एक जरी वाईट फॉर्म आला, तर परमनंट व्हायचं विसर!" तिच्या एकटीच्या पगारावर घर. पोरीची झोपच उडाली.

*

जुईनगरच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी, अपेंडिक्सचं ऑपरेशन. फॉर्मवर लिहिलं, 'सिस्टर छान. पार्किंग भिकार.'

ऑफिसातून दर्शनाला लेटर: पार्किंगबद्दल खुलासा करा! अहो, तिच्याकडे साधी सायकल नाही!

*

उरणच्या एक मुस्लिम आजी, सगळ्या वॉर्डाच्या खाला. घरून रोज सांदणांचा डबा यायचा, पण दर्शना ड्युटीवर काही खात नाही. खालांनी पेन उचललं. "सगला बरा हाय, पन ही पोर खातच नाय. 'वाईट'वर टिक करू?"

मेट्रनबाई धावत आल्या. "दर्शना, खा!"

दोन सांदणं पोटात गेली, तेव्हा कुठे 'उत्तम'वर टिक पडली.

*

एक काका तीन दिवस बेशुद्ध. शुद्धीवर आले आणि त्याच दिवशी दुसऱ्या वॉर्डात गेले. डिस्चार्जच्या फॉर्मवर दर्शनाला दहापैकी दहा! शेरा: 'सिस्टरांचा काहीही त्रास झाला नाही.'

*

महिन्याचा शेवटचा दिवस, शेवटचा फॉर्म. जासईचे बाबा, उजवा गुडघा बदललेला. दर्शनानेच त्यांना हाताला धरून पुन्हा चालतं केलं होतं. निघताना बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तोंडभरून आशीर्वाद दिला आणि फॉर्मवर सगळीकडे 'वाईट'!

दर्शना रडायलाच लागली. माझं डोकंच फिरलं. "बाबा, हे काय केलंत?"

"अगो बाय, चांगली लिवली तं तुमी तिला बढती देवून वरच्या मजल्याव न्याल! माजा डावा गुडघा बाकी हाय. मना हीच पायजे!"

"अहो, तिची नोकरी जाईल!"

बाबांचा चेहरा पडला. त्यांनी नवा फॉर्म मागितला, सगळीकडे 'उत्तम' केलं. पण खाली सूचनेच्या रकान्यात लिहिलंच, 'डावा गुडघा होईपर्यंत हिला हलवू नये.'

आठवड्याने दर्शनाचं लेटर आलं. तिने पाकीट न उघडताच माझ्याकडे दिलं, म्हणून मीच मोठ्याने वाचलं.

"पद: स्टाफ नर्स, परमनंट. विभाग: डावा गुडघा."