विशूची फियानो

डँडेनॉन्गमधल्या आमच्या जुन्या घरातली मंडळी आजही बार्बेक्यूला जमली की विशूचा विषय निघतोच. तेव्हा आपल्याकडून इथे परदेशात शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांची नुसती लाट आली होती, तीन बेडरूममध्ये आम्ही नऊ जण. पण किस्से एकट्या विशूचे, आणि ते दरवर्षी वाढतात.

*

विशू तासगावचा, घरची द्राक्षबाग. इथे अकाउंटिंग शिकायचा आणि वीकएंडला व्हिन्स नावाच्या इटालियन म्हाताऱ्याच्या मळ्यावर कामाला जायचा. मीही सोबत असायचो. व्हिन्सने आपल्या गावाकडची फियानो लावली होती, वाइनची पांढरी द्राक्षं. पहिल्याच दिवशी ते बारके, दाटीवाटीचे घड बघून विशूला राहवलं नाही. घरच्यासारखी कात्री चालवून त्याने अर्ध्या रांगेतल्या घडांमधले मणी काढून विरळणी करून टाकली! गेली नोकरी, मी मनात म्हटलं. व्हिन्स पंधरा मिनिटं नुसता त्याचे हात बघत उभा राहिला. मग म्हणाला, "वाइनच्या द्राक्षांना हे करत नाहीत, मेट. पण उद्यापासून फियानो तूच बघ."

*

एकदा पानांवर पांढरी भुकटी दिसली. विशूने फोनकार्ड घासून तासगावला वडिलांना, आबांना, फोन लावला. आबांनी तिथूनच निदान केलं, "भुरी हाय. गंधक मार." व्हिन्सही तेच म्हणाला. शेवटी आबांनी विचारलं, "खायाची का बेदाण्याची?"

"वाइनची, आबा."

आबांनी आवाज खाली आणला.

"आईला सांगू नगंस."

*

तोडणीच्या आठवड्यात मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. फियानोला गिऱ्हाईक मिळत नव्हतं. व्हिन्सच्या मुलाने, रॉबने, सांगून टाकलं होतं: यंदाची वाइन खपली नाही तर वेली उपटून शार्डोने, ही हमखास खपणारी जात, लावायची. द्राक्षांतली साखर मोजून तो म्हणाला, "सोमवारी तोडू, पाऊस येतोय."

विशूने दोन मणी चावले, बिया हातावर घेऊन बघितल्या. "बी अजून हिरवं आहे. चार दिवस थांबा."

रॉब भडकला. व्हिन्स म्हणाला, "थांबू."

ते चार दिवस विशू लेक्चरला बसून खिडकीतून आभाळ बघायचा. मला त्याची खरंच काळजी वाटत होती, आणि त्याच्या छातीचं कौतुकही. पाऊस आला नाही. पाचव्या दिवशी आम्ही नऊच्या नऊ जण तोडणीला गेलो.

*

वाइन तयार झाली आणि एका रेस्टॉरंटवाल्याने सगळीच्या सगळी उचलली. वेली वाचल्या. रॉबने मोठ्या मनाने पहिला ग्लास विशूपुढे धरला.

"सॉरी," विशू म्हणाला, "मी पीत नाही. कधीच प्यायलो नाही."

रॉब बापाकडे वळला. "ज्याने आयुष्यात वाइन चाखली नाही, त्याच्या शब्दावर तू चार दिवस थांबलास?"

व्हिन्सने तो ग्लास स्वतःकडे घेतला.

"त्याने द्राक्षं चाखली होती."