लेकीच्या लग्नातलं लुगडं

संग्रहालयातल्या पुतळ्यांना नेसवलेली लुगडी बघून मी कंटाळले होते. "मग माझ्या माहेरी चल. माय रोजच नेसते," चंद्रपूरच्या ऊर्जानगरमधली, वीज केंद्राच्या क्वार्टरमधली माझी शेजारीण सुनंदा म्हणाली. तिच्या धाकट्या बहिणीचं लग्नही होतं. दिली सुट्टी टाकून.

चंद्रपूरहून एसटीने मूल गावी. तिथले तर्री पोहे खा, पण पाणी जवळ ठेवा. पुढे गडचिरोली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवास स्वस्तात होतो. धानोऱ्यानंतर काळीपिवळी जीपच, आणि उन्हाळ्यात जाणार असाल तर सकाळीच निघा.

माय अंगणात तेंदूपानांचे पुडे बांधत होती. गुडघ्यापर्यंत चापूनचोपून नेसलेलं पांढरं लुगडं, लाल काठ, पोटऱ्यांवर गोंदण.

"लग्नातही हेच नेसणार?" मी विचारलं.

"मंग काय, बाई? माह्या मायनं मले असीच लुगड्यात वाटे लावली. मीबी लेकीले असीच लावीन."

सुनंदाने मायसाठी मोरपंखी साडी आणली होती. ती पिशवीतच राहिली. मला मायचा हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी ब्रह्मपुरीहून वऱ्हाड आलं. सुनंदाच्याच आदिवासी समाजाचं, पण शहरात रुळलेलं. सोबत भाड्याने आणलेलं 'आदिवासी नृत्य पथक', बायकांना एकसारखी चकचकीत पिवळी लुगडी. माय पाण्याचे ग्लास घेऊन पुढे गेली, तर नवरदेवाची मामी तिला म्हणाली, "बाई, पथकवाले तिकडं बसले. तुमी इकडं काऊन?" कुणीतरी मोबाइल धरला. "आजी, एक स्टेप करून दाखवा ना!"

"नवरीची माय हाये ते!" सुनंदा ओरडली.

मामी बिचारी ओशाळली, माफीही मागितली. पण माय तोवर आत गेली होती. बाहेर आली ती मोरपंखी साडीत. पदर सारखा घसरत होता, आणि तो सावरत सावरतच तिने लेकीची पाठवणी केली. माझ्या पानातले लाखोळीच्या डाळीचे वडे तसेच राहिले. इतकं हताश मला कुठल्याच प्रवासात वाटलं नव्हतं.

परतल्यावर लोक विचारतात, जावं का? जंगल सुंदर आहे, माणसं जीव लावतात, जरूर जा. मी जे बघायला गेले होते, ते मात्र आता तिथे नाही.

परवा सुनंदाने मायला फोन लावला, स्पीकरवर. "माय, घरीबी लुगडं काऊन नाई नेसत आता? तिथी कोण पाह्यते तुले?"

"नेसली होती वं एक डाव," पलीकडून माय म्हणाली. "आरशात पाह्यलं. मलेबी नाचवालीच दिसली."