हौसाचं बिनछपराचं घर

हौसा गेली, हे सांगायला वाडीचा माणूस दारात आला तेव्हा मी भाकरी थापत होते. मी त्यालाच विचारलं, "कुठली हौसा?" आमच्यात हौसा एकच, माझी धाकटी चुलतबहीण... आज महिना झाला, तरी मला ते खरं वाटत नाही.

दुष्काळानंतर सरकारनं शेत आणि धड छप्पर नसलेल्यांना घरं द्यायचं ठरवलं. कडेगावजवळच्या तिच्या वाडीत तिचंही नाव लागलं. जुनी झोपडी मोडून त्याच जागी भिंती उभ्या राहिल्या आणि काम थांबलं. सिमेंट मिळेना, पत्रा महागला, आलेला पैसा भिंतींतच संपला, असं सांगून गवंडी निघून गेले. पावसाळाभर नवरा-बायको आणि लेक देवळात राहिली. मग ती तिघं उघड्या भिंतींच्या आत राहायला गेली.

ऊसतोड चालू होती. उसाच्या वाळक्या पानांचं पाचट हवं तेवढं पडलं होतं. मी म्हणाले, "अगं, वर पाचट तरी घाल. थंडी लय हाय."

"आन् सायेब बघून गेला म्हंजे? म्हनंल, हिला छप्पर हाय, नाव कापा. आक्का, तूच वाचून दावलंस की."

मीच वाचलं होतं. मी चौथी शिकलेली, म्हणून चावडीवरचा कागद तिनं मला वाचायला लावला. छप्पर नसलेल्यांनाच घर, असं त्यात होतं. मलाही तिचं पटलं. ती हसत म्हणाली, "माज्या घरात धूर सरळ वर जातुया. तुज्यागत डोळं चोळाय लागत न्हाईत."

पुढं खोकला, ताप... छाती भरली आणि चार दिवसांत सगळं संपलं.

दहाव्याला ग्रामसेवक आले होते. परक्या माणसाशी मी कधी बोलत नाही, पण त्यांना विचारलं, वर पाचट घातलं असतं तर नाव कापलं असतं का. ते म्हणाले, "बाई, यादी एकदा झाली की झाली. पाचट घातलं असतं तरी नाव राहिलंच असतं. पत्र्याला पैसे कधी मंजूर होतील, ते मात्र सांगता येत नाही."

हे हौसाच्या नवऱ्याला, दाजींना, मी सांगितलं नाही.

काल दाजी लेकीला घेऊन आले. म्हणाले, "आक्का, छपराचं पत्रं येत्यात तवर हिला तुमच्याजवळ ठेवा. मी तितंच ऱ्हातो, तसाच, उघड्यावर. हौसाचं नाव जाया नगं."

पाचट घातलं तरी नाव जात नाही, हे मला सांगायचं होतं. मी पोरीचा हात धरला आणि मान हलवली... दाजी वाडीकडं चालू लागले.