डाग नसलेलं घड्याळ

ऑनलाइन सापडलेलं एक जुनं चावीचं मनगटी घड्याळ मी बाबांच्या वाढदिवसाला घेणारच होते, शिकवण्यांचे साठवलेले सगळे पैसे घालून. त्याआधी सहज कोपऱ्यावरच्या घड्याळ दुरुस्तीवाल्या काकांना फोटो दाखवला. डोळ्याला भिंग लावून ते माझ्या मोबाइलमध्येच डोकावले.

"बाबांच्या वयाचं म्हणतेस ना? मग तबकडीवर एकही डाग कसा नाही गं? आकडे बघ, कडेला फुगलेत. परवाच रंगवलंय कुणीतरी."

मग त्यांनी एक खरी जुनी तबकडी काढून दाखवली. पिवळट, ठिपक्याठिपक्यांची, पण आकडे कसले रेखीव! असली घड्याळं मी खराब म्हणून भराभर पुढे सरकवत होते. इतकी वर्षं कुणाच्या तरी मनगटावर घाम खाल्लाय म्हटल्यावर डाग असणारच की.

थँक्यू, काका. आता मी विकणाऱ्यांना आधी विचारते, "डागाचा जवळून फोटो पाठवाल का?"