पाणी न घालण्याचं काम

रोपवाटिकेत तिला सगळे भिंगरी म्हणत. चहा प्यायलाही ती बसायची नाही. एका हातात कप, दुसऱ्या हाताने तण उपटणं चालूच.

वाळू रस्त्यावर येऊ नये म्हणून कडेने इथलंच रानझुडूप लावायचं ठरलं आणि रोपं वाढवायचं काम तिच्याकडे आलं. नखाएवढी राखाडी पानं, पानांवर ऊन परतवणारी पांढरी लव. मूळ सरळ खाली जावं म्हणून रोपं उभ्या नळ्यांत वाढवलेली. रस्त्याकडेला दोन ओळी लावून झाल्या, रोपं रुजली, तशा रोपवाटिकेच्या बाई म्हणाल्या, "आता पाणी बंद. तहान लागली की मूळ खोल जाईल."

"आणि नाही गेलं तर?"

"जाईल. तू फक्त हात आवर."

हात आवरणं तिला कुठलं जमायला! ऊन तापलं तशी झुडपं पानं गाळू लागली आणि हिचा जीव थाऱ्यावर राहिना. घर रस्त्यालाच, एका ओळीच्या आड; जेवता जेवता उठून खिडकीशी जायची. नवरा पाण्याचा टँकर चालवायचा. तिने त्याचा पिच्छा पुरवला, "येताना उरलेलं पाणी आपल्या बाजूच्या ओळीला सोड ना."

"बाईंनी नको म्हटलंय ना?"

"बाईंना काय होतंय! खिडकीतून मला बघावं लागतं."

त्याने सोडलं. घराजवळची ओळ पानांनी गच्च भरली, पलीकडच्या ओळीत नुसत्या काड्या. येणाऱ्याजाणाऱ्याला ती हौसेने आपली ओळ दाखवायची.

मग टँकर दुसऱ्या वस्तीकडे लागला आणि त्या भरल्या ओळीने माना टाकल्या. तिने बादल्या वाहिल्या, पुरल्या नाहीत. एक झुडूप ओढलं तर अलगद हातात आलं. मुळं सगळी वरच्यावर पसरलेली, खोल एकही नाही. ती धावत पलीकडे गेली, एका काडीवर नख मारलं. सालीखाली हिरवं! पानं टाकून देऊन झुडूप खोडावरच दिवस काढत होतं.

तिने बाईंना फोन लावला. "बाई, एक ओळ मी मारली."

"आणि दुसरी?"

"ती जगली. तिच्याकडे मी फिरकलेच नाही ना."

बाईंना रागावता रागावता हसू आलं.

वाऱ्याचे दिवस आले. मेलेल्या ओळीच्या बाजूने वाळू थेट तिच्या उंबऱ्यापर्यंत आली. फावड्याने ओढून ओढून तिचे खांदे भरून आले. पुढच्या हंगामात तिने ती ओळ नव्याने लावली आणि नवऱ्याला बजावलं, "मी रडले तरी टँकर इकडे आणू नकोस."

झुडपं पानं गाळू लागली तशी ती बॅग भरून बहिणीकडे गेली. तिथे तिने सगळी कपाटं उपसली, माळा झाडला, पडदे उतरवून धुतले. शेवटी बहीण म्हणाली, "ताई, तू परत कधी जाणार गं?"

ती परतली तोवर दोनचार सरी पडून गेल्या होत्या. तिने घरात पाऊल टाकायच्या आधी ओळीवरून चक्कर मारली. बऱ्याच काड्यांना राखाडी कोंब फुटले होते; काही मात्र कायमच्या वाळल्या होत्या. त्या ती एकेक हलवून बघत राहिली.

"आत तरी ये," नवरा दारातून म्हणाला.

"येते. आधी कुदळ दे, वाळलेल्या काढते."