बेलपाड्याचा खण

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी दुकानात बसू देत नाही. पनवेलला टाइल्सचा धंदा शून्यातून उभा केलाय. हातात धरून बघता येतं तेवढंच खरं मानतो. तरी हे लिहितोय... कारण राग अजून गेलेला नाही.

माझे आजोबा रेल्वे टपालात सॉर्टर होते. चालत्या गाडीत पत्रं गावाच्या खणात टाकायची, गठ्ठा बांधायचा, वर आपल्या सहीची चिठ्ठी लावायची. चूक निघाली की चिठ्ठीवरून माणूस सापडायचा. बेलपाड्याचा आमच्या भावकीतला दिनकर मात्र चारचौघांत म्हणायचा, "तुज्या आज्यानी आमच्या आजीचा पत्र दाबला, म्हनून त्याची नोकरी गेली!"

ते खोटं पाडायला मी दोन वर्षं कचेऱ्यांत चपला झिजवल्या. उत्तर एकच — जुनं रेकॉर्ड नष्ट. घरात सापडलं फक्त एक जुनं रजिस्टर, त्यात आजोबांच्या सह्या. आणि भंगारवाल्याशी तासभर घासाघीस करून मिळवलेलं रेल्वे टपालातलं, गावागावाच्या खणांचं लाकडी सॉर्टिंग कपाट.

नव्या गाळ्याच्या उद्घाटनाची कार्डं मी त्याच खणांत लावली — उरण, शिरढोण, बेलपाडा. बायकोने दिनकरचंही लिहिलं.

"आपलाच माणूस आहे हो. द्या."

"देतो," म्हणालो, आणि ते ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं.

दुपारी जेवून आलो, शटर उघडलं... कार्ड बेलपाड्याच्या खणात! बायकोवर ओरडलो.

"किल्ली तुमच्या खिशात, आणि खेकसता माझ्यावर?"

पुन्हा कुलपात ठेवलं, तर दुसऱ्या दुपारीही तेच. मग कार्डाचे चार तुकडे केले आणि खिशातल्या पाकिटात ठेवले. जो कोणी असशील, लाव म्हटलं आता खणात!

बाकीचे गठ्ठे टेम्पोवाल्याने वाटले.

उद्घाटनाला दिनकर हजर.

"तुला कोणी बोलावलं?"

"तूच की! टेम्पोवाल्यानी कार्ड दिला. आनि ही चिठ्ठी कसली रं बांधलीस?"

अख्खं कार्ड, बायकोचं अक्षर. वर सुतळीत अडकवलेली चिठ्ठी, तिच्यावर सही. मी रजिस्टर आणून शेजारी धरलं. तीच सही, तोच शेवटचा फराटा.

"बघ!" मी सगळ्यांसमोर ओरडलो. "पत्र दाबणारा माणूस नव्हता तो! तुझं हे कार्ड मी फाडलं होतं, तरी पोचवलं त्याने!" आणि पाकिटातले तुकडे काउंटरवर आपटले. चारही होते.

दिनकरने ते शांतपणे जुळवले. स्वतःचं नाव वाचलं.

"मंग दाबनारा कोन, ते कललाच की आता," म्हणाला, आणि पेढा न घेता निघून गेला.

चिठ्ठी माझ्याकडे आहे. ती कुठून आली, अजून कोणी सांगू शकलेलं नाही. बेलपाड्याच्या खणात मी काही ठेवत नाही.