रंगारी बाईंचा बोलण्याचा तास

रंगारी बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या शाळेच्या व्हरांड्यात एका मुलासमोर मांडी घालून बसल्या होत्या आणि मधे पेटलेल्या मेणबत्तीवर हळूच फुंकर घालत होत्या. ज्योत विझू द्यायची नाही, नुसती हलवायची. ऐंशीच्या दशकाचा मध्य. आंध्रातल्या, आदिलाबादजवळच्या इचोड्याच्या सरकारी शाळेत मी मराठी शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. मला वाटलं, मुलाचा वाढदिवस असावा.

"या सर, बसा," त्या म्हणाल्या. "आमी श्वास शिकून राह्यलो."

बाई आदिलाबादकडच्या खेड्यातल्या. आईवडील दुसऱ्यांच्या शेतात राबलेले. अडखळणाऱ्या मुलांना बोलतं कसं करायचं, ते त्या हैदराबादला जाऊन शिकून आल्या होत्या. आमच्याकडे त्यांची जागा वर्षापुरतीच मंजूर होती. ठेंगणी मूर्ती, पण आवाज असा खणखणीत की रस्त्यावरून नागपूरचे ट्रक धडधडत गेले तरी त्यांचं वाक्य बुडायचं नाही.

समोरचा मुलगा मारोती, कापूस पिकवणाऱ्या घरातला. घरी मराठी, बाजारात तेलुगू, आणि दोन्हीकडे पहिल्याच अक्षराला अडायचा. मठ्ठ म्हणून त्याला मागच्या बाकावर बसवत. बाई म्हणायच्या, "त्याच्या मनात सगळं तयार असते सर. आपल्यालेच ऐकायची घाई."

वर्ष संपलं. शिक्षण खात्याने सांगितलं, हा इलाज आहे, तनखा दवाखान्याकडून मागा. दवाखाना म्हणाला, काम शाळेत चालतं, तर शाळेनं द्यावा. बाई आदिलाबादला या दफ्तरातून त्या दफ्तरात फिरत राहिल्या. "पोरगं तर एकच हाय ना," परत आल्यावर त्या चिडून म्हणाल्या, "त्याची जीभ दवाखान्याची अन् कान शाळेचे, असं कसं वाटता येते?"

शेवटी जागा पुढे चालू ठेवायची का, ते ठरवायला एक साहेब पाहणीला आले. म्हणाले, "बच्चा कुछ बोलके दिखाए."

मारोती उभा राहिला. स्वतःचं नाव सांगायचं होतं. "मा... मा..." तिथेच अडला. हेडमास्तरांनी "मारोती!" म्हणून टाकलं. पोराचे डोळे भरले.

"एक साल में इतना ही?" साहेब म्हणाले.

"साल भर पहले ये खड़ा भी नहीं होता था, साहब," बाई म्हणाल्या. मग मारोतीच्या पाठीवर हात ठेवून, "जा बापू, खेळ बाहेर."

साहेब गेल्यावर हेडमास्तर हळहळले. "आणखी एकदा बोलवून पाहायचं होतं, बाई."

"मंजुरीसाठी त्याले रडवू काय?"

मंजुरी गेली ती गेलीच. त्याच शाळेत गणिताची जागा रिकामी होती, ती बाईंनी धरली. बोलण्याचा तास त्या रोज प्रार्थनेच्या आधी घेऊ लागल्या, बिनतनख्याचा.

मारोतीला सोडायला त्याचे वडील गणपतराव यायचे. भिंतीला टेकून बसायचे, तास संपला की निघून जायचे. त्यांच्या तोंडून मी कधी शब्द ऐकला नव्हता. बाजारात, कचेरीत त्यांच्या वतीनं धाकटा भाऊ बोलायचा. एका सकाळी तास संपला, मारोती पळाला, पण गणपतराव उठले नाहीत. जमिनीकडे बघत म्हणाले, "बा... बाई, म... मले बी शिकवता का?"

बाईंनी जराही नवल दाखवलं नाही. "बसा गणपतराव. काऊन इतके दिवस थांबले?"

दुसऱ्या दिवसापासून बापलेक शेजारी बसून श्वास घेऊ लागले. पोरं खिदळली, तर बाईंनी त्यांनाही रांगेत बसवलं.

नव्वदीच्या सुरुवातीला बाईंची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, बेज्जूरला झाली. पुढे निवृत्त झाल्यावरही त्या तिथेच राहिल्या. मी एकदाच गेलो त्यांच्याकडे. ती आमची शेवटची भेट. छातीच्या दुखण्यानं त्या खंगल्या होत्या, पुढच्याच वर्षी गेल्या. त्या दिवशी मी त्यांना सांगितलं, की शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या भांडणात गणपतराव कचेरीत स्वतः गेले, भावाला बाहेर उभं करून.

"अडले का?" बाईंनी विचारलं.

"अडले की. दोनदा तर कचेरीतल्या साहेबांनी मान वर करून पाहिलं."

"मग?"

"मग पुढचं बोलले. सगळं बोलून झालं तेव्हाच बाहेर आले."

बाई उठल्या. स्टोव्ह पेटवला, चहाचं आधण ठेवलं आणि ते उकळून गेलं तरी माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.